नवऱ्यानं नापास केलेलं गेज

"मला एक प्रेशर गेज घ्यायचंय," मुलगी जेवताना म्हणाली, तेव्हा मला वाटलं ती बापासाठी काही आणायचं म्हणते आहे. आमच्या घरात गेज या वस्तूचा संबंध एकाच माणसाशी होता. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरपुढे गेली. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तरी हात अजून बॉयलरवरच आहेत.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"माझ्यासाठी. पाण्याखाली न्यायला."

घास माझ्या हातातच राहिला. मागच्या हिवाळ्यात ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर कोकणात गेली होती. आम्ही समजलो, किनाऱ्यावर हिंडेल, मासे खाईल, येईल. परत आली ती पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जायचं शिक्षण घेऊन. इथे शुक्रवार पेठेत नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर आमच्या आठवड्याचं सगळं गणित, आणि आमच्याच घरातली पोर पाण्याच्या खाली जाऊन श्वास घेऊन आली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. हे खूळ एकदाचं झालं, संपलं, अशी मनाची समजूत घालून घेतली होती. आता ती म्हणत होती की पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायचं आहे, आणि या वेळी आणखी खोल.

मी काही बोलायच्या आत नवऱ्यानं विचारलं, "सिलिंडरात प्रेशर किती असतंय?"

"भरलेला असला की दोनशे बार."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "दोनशे? आमचा आख्खा बॉयलर दहावर चालतोय. आन् तू दोनशे पाठीला बांधून हिंडतीस?"

आता हे तिला चांगलं झापतील, माझं काम हलकं होईल, अशी माझी अपेक्षा. पण त्यांच्या चेहऱ्यावर निराळाच रंग चढला होता. पोरीनं पहिल्यांदा त्यांच्या धंद्यातली गोष्ट घरात आणली होती. "गेज मी बघून देणार," ते म्हणाले. "त्यातलं तुला काय कळत न्हाय." झालं. माझ्या विरोधाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

इथे एक सांगायला हवं. माझा नवरा तापट नाही, हट्टी म्हणावा असाही नाही. पण वाफ, हवा, गॅस, पाणी यांतलं काही नळीतून जात असलं, की त्यांचा शब्द शेवटचा. घरातला गॅसचा रेग्युलेटर त्यांच्याशिवाय कुणी बदलायचा नाही. कुकरची शिट्टी नीट वाजते की नाही हेही तेच ठरवणार. वैरागला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तर हे मांडवात बसायचं सोडून आचाऱ्याच्या शेगड्यांच्या नळ्या तपासत बसले आणि अक्षता पडून गेल्या. आम्ही हसायचो, पण ऐकायचो. त्यांचं कधी चुकलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

पोरीनं मोबाइलवर चित्रं दाखवली. पाण्याखालच्या माणसाला आपल्या सिलिंडरात हवा किती उरली हे दाखवणारं हे गेज, एका नळीच्या टोकाला लोंबतं. दोन तऱ्हा तिनं निवडल्या होत्या. एक मोठं, जाड रबराच्या कवचातलं, आकडे ठळक. दुसरं लहान, मुठीत मावेल असं, नुसतं पितळी अंग आणि काच. तिला लहान हवं होतं. मोठं लोंबकळतं, खडकांत अडकतं, हातात धरून पोहता येत नाही, असं तिचं म्हणणं. बाप म्हणाला, आकडे दिसत नसतील तर ते गेज कसलं, दागिना झाला.

मग त्यांचं लक्ष डायलच्या रंगाकडे गेलं आणि ते चमकलेच. "हे उलटं छापलंय की. तांबडा पट्टा शून्याजवळ?"

"पप्पा, तिथं हवा संपत आलेली असते. म्हणून लाल."

त्यांनी मोबाइल हातात घेऊन ते चित्र डोळ्यांजवळ नेलं. बॉयलरला तांबडी खूण वरच्या बाजूला असते. काटा वर चढला की मरण, खाली आला की फार तर मालक ओरडतो. या माणसानं जन्मभर तेच पाहिलं होतं. पोरीनं समजावलं, त्यांनी मान हलवली, पटलं असं म्हणालेही. एवढं ऐकून आमचं समाधान झालं.

त्यांची गेजची परीक्षा मात्र एकच होती, ती त्यांनी त्याच जेवणात आम्हाला ऐकवली. चांगल्या गेजचा काटा थरथरत नाही. कारखान्यात काटा नाचायला लागला की ते आधी काचेवर नखानं टिचकी मारायचे, तरी नाचला तर गेज उतरवून बाजूला ठेवायचे. पाळीभर काटा एका जागी उभा राहिला तर ती चांगली पाळी. खंडेनवमीला बॉयलरला हार घालताना ते गेजच्या काचेला वेगळं कुंकू लावायचे, इतका त्या स्थिर काट्यावर त्यांचा जीव.

त्या रविवारी सकाळी पोरीला शिकवणाऱ्या बाई कोकणातून सगळं सामान घेऊन सोलापुरात येणार होत्या. इथल्या एका पोहण्याच्या तलावावर नव्या मुलांना पाण्यात उतरवायचं आणि जुन्यांचा सराव घ्यायचा, असा त्यांचा बेत. पोरीला दोन्ही गेजं वापरून बघता यावीत म्हणून त्यांनी दोन सिलिंडर तयार करून ठेवले होते, एकाला मोठं गेज, दुसऱ्याला लहान. मी टॉवेल आणि डबा घेऊन काठावर बसले. मला पोहता येत नाही. नवऱ्यालाही येत नाही.

मोठं गेज आधी झालं. तेव्हा हे दारात होते. चपला आत नेऊ देत नाही म्हणून पहारेकऱ्याशी हुज्जत चालली होती. बाईंनी पोरीच्या पाठीला सिलिंडर चढवला, पट्टे आवळले, तिला उथळ पाण्यात उभं करून श्वास घ्यायला लावला आणि मग त्या पलीकडे नव्या मुलांकडे गेल्या. हे अनवाणी येऊन पोहोचले तेव्हा पोरगी तोंडातल्या नळीनं श्वास घेत गेज वर धरून उभी होती. काटा दोनशेच्या जरा खाली, एका जागी. ह्यांचा चेहरा उजळला.

"बघ, हलतोय का? ह्याला म्हणायचं गेज."

मग दुसरा सिलिंडर. बाईंनी लांबूनच हाक मारून सांगितलं की तोही तयार आहे, नुसता चढवा. या वेळी ह्यांनी बाह्या सारल्या. पोरगी काठावरच्या बाकावर बसली, मी मागून सिलिंडर धरला आणि हे तिच्यासमोर उभे राहून पट्टे आवळू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना पोरीची रिबीन बांधताना पाहिलं नव्हतं. आता हे एकेक पट्टा ओढून बघत होते, बोट घालून घट्ट झालाय का चाचपत होते. मला खरोखर भरून आलं.

शेवटी त्यांनी तिच्या खांद्यावरून हात मागे घातला आणि सिलिंडरच्या डोक्यावरचा व्हॉल्वचा नॉब धरला. तो फिरेना. "जाम हाय," असं पुटपुटत त्यांनी तो दुसऱ्या बाजूला फिरवला, शेवटपर्यंत नेला आणि जरासा मागे घेतला. ही बॉयलरवाल्यांची रीत. व्हॉल्व शेवटपर्यंत उघडून ताठ ठेवायचा नाही, गरम होऊन अडकतो. थोडा मागे घ्यायचा. गॅसच्या बाबतीतसुद्धा आमच्या घरी हेच चालतं.

पोरगी पाण्यात उतरली. श्वास घेतला. लहान गेजचा काटा सर्रकन खाली आला आणि तिनं श्वास सोडल्यावर पुन्हा वर गेला. पुन्हा श्वास, पुन्हा खाली. ह्यांनी वाकून काचेवर टिचकी मारली. काटा पडायचा थांबला नाही.

"नापास," हे म्हणाले.

"अहो, ती श्वास आत घेते तेव्हाच पडतोय की," मी म्हणाले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, डोळ्यांना दिसलं ते बोलले.

"मग तेच तर सांगायलोय. लई हलकं मशीन हाय ते. आत काय दम न्हाय. लहान घेतलं की असंच."

पोरीनं तोंडातली नळी काढली. तिच्या कपाळावर आठी होती, ती गेजकडे बघत होती आणि मधेच खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न करत होती. "पप्पा, पण काटा असा पडतो तेव्हा..."

"अगं, मी जन्म घातलाय ह्यात. गेज खोटं हाय ते. सिलिंडर भरलेला हाय की, हवा येतीया ना तोंडात?"

"येते."

"मग झालं. जा, पोहून बघ. आन् घ्यायचं ते मोठंच घ्यायचं."

तिनं पुन्हा एकदा काट्याकडे बघितलं. मग तिनं मान हलवली, नळी तोंडात धरली आणि खोल बाजूकडे गेली. मला आजही ती मान हलवलेली दिसते.

पाण्याखाली तिची सावली फरशीच्या रेघेवरून सरकत होती आणि वर बुडबुडे येत होते. टोकाला पोहोचून ती वळली. आता ती जोरात पाय मारत होती. बुडबुडे एकदम कमी झाले. मग आलेच नाहीत. मी उभी राहिले. हे काहीतरी बोलत होते, मोठ्या गेजची नळी किती चांगली होती असलं काहीतरी. तेवढ्यात पोरगी उसळून वर आली. तोंडातली नळी ओढून फेकली आणि तिनं असा श्वास घेतला की तसला आवाज मी तिच्या जन्मानंतर कधी ऐकला नव्हता. मी साडीसकट पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेले होते, ते मला नंतर कळलं.

बाईंनी झपाट्यानं पोहत येऊन तिला काठाशी आणलं. पोरगी खोकत होती, ओठ निळसर, डोळे लाल. वरून ह्यांचा आवाज आला, "म्हटलं न्हवतं मी? गेजच खराब हाय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पोरीच्या मानेमागे हात घातला आणि नॉब फिरवला. फिरवत राहिल्या. एक वेढा, आणखी एक, आणखी. तो फिरतच होता. मी बघत होते आणि मला कळत नव्हतं की एवढं फिरवायला उरलंच कसं. मग तो थांबला. बाईंनी गेज उचलून पोरीच्या डोळ्यांपुढे धरलं. "श्वास घे." काटा हलला नाही.

"मी हा पूर्ण उघडून ठेवला होता," बाई म्हणाल्या. "कोणी हात लावला?"

 तलावाच्या पलीकडच्या टोकाला नवी मुलं हसत होती, त्यांचा आवाज येत होता.

"मी," नवरा म्हणाला. "चालू करून दिला."

व्हॉल्व आधीच पूर्ण उघडा होता, म्हणून नॉब फिरला नव्हता. ह्यांना वाटलं अडकलाय. समोर उभं राहून खांद्यावरून हात घातला, त्यात उजवं-डावं उलटं झालं, आणि ज्याला ते उघडणं समजले ते बंद करणं होतं. मग रीतीप्रमाणे थोडा मागे घेतला, तेवढीच फट उरली. त्या फटीतून माझी पोर श्वास घेत होती. बाईंनी हे हळू आवाजात समजावून सांगितलं. चूक आपलीही आहे, पाण्यात सोडण्याआधी आपण स्वतः बघायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. इथे पाणी उथळ, म्हणून एवढ्या फटीतूनही बराच वेळ भागलं. समुद्रात खोल गेल्यावर एकेका श्वासाला कितीतरी जास्त हवा लागते. तिथे ती तळाशी पोहोचली असती, तेव्हा हवा अडली असती, आणि डोक्यावर एवढंसं पाणी नसतं.

मी ओल्या फरशीवर बसले.  पुढच्या आठवड्यात हे तिच्याबरोबर कोकणात जाणार होते. स्वतःच्या हातानं सगळं बांधून देणार, असं रोज घरात सांगत होते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. इथे कुणाची धरायची? हे उभे होते, हात पुढे धरून स्वतःच्या पंज्यांकडे बघत. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला तो माणूस नको झाला होता.

आणि मग पोरगी बोलली. आवाज बसला होता.

"आई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"श्वास घेताना काटा पडला तर व्हॉल्व नीट उघडा नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मला दिसत होतं. मला आठवलंसुद्धा." ती ह्यांच्याकडे बघत नव्हती. "पण पप्पा म्हणाले गेज खराब. मग मला वाटलं, असेल."

नॉब चुकीचा फिरला याचा धक्का मला बसला होताच. पण हे ऐकल्यावर मी सुन्न झाले. हात कुणाचाही चुकतो. पोरीच्या हातात तिचा जीव वाचवणारी वस्तू होती, ती खरं सांगत होती, पोरीला ते वाचता येत होतं, आणि तरी ती बापाचं ऐकून पाण्याखाली गेली. ही सवय तिला आम्ही लावली. घरी याला गुणी पोरगी म्हणतात, आणि पाहुण्यारावळ्यांत मीच ते कौतुकानं सांगत आले होते.

पुढचे चार दिवस तसेच गेले. पोरीनं लहान गेज घेतलं. डबी उघडून बापापुढे ठेवली, "बघा की पप्पा," म्हणाली. ह्यांनी मान फिरवली. चहा करायचा तर गॅस पेटवायला मला हाक मारू लागले. मी भडकले. म्हटलं, चूक केली तर केली, आता शेगडीवर रुसून काय मिळणार आहे?  पोरगी आता एकटीच कोकणात जाणार होती. मी नको म्हणाले, रडले, नवस बोलायचीही तयारी केली. बाईंनी फोनवर सांगितलं, की आता जे तिला कळलंय ते घेऊन ती उतरली तर जास्त सुरक्षित राहील. मला ते पटलं नाही. पण पोरगी ऐकेना, आणि ती ऐकत नाही याचा राग धरावा की नाही, हेही मला समजेना.

निघायच्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तिची बॅग उघडी होती. ती खाली बसून सामान भरत होती. नळ्या गुंडाळलेल्या, टोकाला ते लहान गेज. मी आत पोळ्या बांधत होते. हे आतून आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी गेजकडे हात नेला. पोरगी गप्पपणे बाजूला सरकली, त्यांना नीट बघता यावं म्हणून.

ह्यांचा हात मधेच थांबला. "सरकलीस का?"

"तुम्ही बघताय म्हणून."

"मी कोण हाय बघणार?" ते म्हणाले. "पुन्ना."

"काय पुन्हा?"

त्यांनी हात मागे घेतला आणि परत गेजकडे नेला. पोरगी गोंधळून बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "पप्पा, नको."

"तितं बोटीवर कोण तरी दादा असंल, कोण सर असंल, माझ्यासारखा कोण शहाणा असंल. असं बोललीस तर कोण ऐकंल?" त्यांनी पुन्हा हात नेला.

"हात लावू नका."

मी दारात येऊन उभी राहिले. आमच्या घरात त्या माणसाला असं कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.  पण ह्यांनी मान हलवली, भागलं नाही अशी, आणि चौथ्यांदा हात नेला, या वेळी एकदम, आणि थेट गेज धरलं.

पोरीनं त्यांचं मनगट पकडलं आणि सगळ्या ताकदीनं ढकललं. "हात लावायचा नाही म्हटलं ना," ती ओरडली. शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. उकिडवे बसलेले हे मागच्या मागे फरशीवर पडले. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गेज तिनं मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

हे तसेच खाली बसून राहिले. मनगट चोळलं. मग पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"आता जा," ते म्हणाले.